वाचकांचे प्रश्न : तृतीय सोपान का अडला?

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस सुरू होतात, आणि शाळेची घंटा वाजली की या सदराच्या टपालात स्काउट-गाईडविषयीची पत्रे येऊ लागतात. यंदा ती नेहमीपेक्षा अधिक आली. नागपुरातील एका अनुदानित शाळेत मी 28 वर्षे पथक चालवले असल्यामुळे संपादकांनी तो सगळा गठ्ठा माझ्याकडे पाठवून दिला. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे मुद्दामच छापलेली नाहीत.

प्रश्न : आदरणीय सर, माझा मुलगा सहावीत असताना स्काउट पथकात दाखल झाला. गेल्या जानेवारीत, आठवीत असताना, तो तृतीय सोपानाच्या चाचणी शिबिराला गेला आणि तेथे त्याला थांबवण्यात आले. नियम, ध्वजांची माहिती, प्रथमोपचाराची तोंडी उत्तरे हे सारे त्याला पाठ होते. तरी परीक्षकांनी ‘गाठी कच्च्या आहेत, बांधणी सैल आहे आणि लॉग बुक स्वतःचे वाटत नाही’ असा शेरा दिला. लॉग बुक सजवायला त्याच्या ताईने मदत केली होती, हे मी लपवत नाही. पण सगळ्याच मुलांना घरचे मदत करतात. दुसऱ्या एका शाळेत जाणाऱ्या त्याच्या मित्राने तर एकाच शैक्षणिक वर्षात दोन सोपान पूर्ण केले. मुलगा आता स्काउटचे नाव काढू देत नाही. हा अन्याय नाही का? आम्ही जिल्हा कार्यालयाकडे तक्रार करावी का? — एक आई, त्रिमूर्तीनगर

उत्तर : तक्रार करू नये, असे मला वाटते, आणि का, ते नीट सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

भारत स्काउट्स आणि गाईड्स या संघटनेत मुलगा प्रथम ‘प्रवेश’ घेतो, त्यानंतर प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार, अशी चढण आहे. सोपान म्हणजे पायरी, आणि एका पायरीवर काही काळ उभे राहिल्याखेरीज पुढची चढू द्यायची नाही, हे या रचनेचे मर्म आहे. प्रवेशासाठी किमान 3 महिने, त्यानंतर प्रथम सोपानासाठी 6, द्वितीयासाठी आणखी 9 आणि तृतीयासाठी आणखी 9 महिने धरले, तर 27 महिने, म्हणजे सव्वादोन वर्षे होतात. प्रथम आणि द्वितीय या दोनच सोपानांना मिळून 15 महिने लागतात. त्यामुळे आपल्या मुलाच्या मित्राने एका शैक्षणिक वर्षात दोन सोपान पूर्ण केले असतील, तर कोठे तरी तारखा मागे-पुढे झाल्या असल्या पाहिजेत. असे होते, हे मी जाणतो. प्रथम सोपानापर्यंतची चाचणी बहुतेक पथकातच होत असल्याने तेथे हात सैल सोडणे सोपे असते. मात्र राज्य पुरस्काराचा अर्ज भरताना प्रत्येक सोपानाची तारीख लिहावी लागते आणि दोन तारखांमधील अंतर तेथे पाहिले जाते. त्या टेबलावर अडलेली मुले मी पाहिली आहेत. तोवर ती दहावीत गेलेली असतात आणि दुरुस्तीला वेळ उरलेला नसतो. आपल्या मुलाचे अडणे त्या मानाने फार स्वस्तात झाले आहे.

तृतीय सोपानाची चाचणी जिल्हा पातळीवरील शिबिरात होते. मुलाला रोज न ओळखणारा परीक्षक समोर असतो, आणि तेथे प्रथमच पाठांतर पुरत नाही. परीक्षक ‘बोलाईन गाठ कशासाठी वापरतात?’ असे विचारतो तेव्हा ‘पाण्यात किंवा खड्ड्यात सापडलेल्या माणसाला वर काढण्यासाठी’ हे उत्तर प्रत्येक मुलगा देतो. त्यावर परीक्षक हातात दोर देऊन ‘मग ती स्वतःच्या कमरेला बांधून दाखव’ म्हणतो, आणि येथे निम्मी मुले गडबडतात. कारण त्यांनी ही गाठ नेहमी समोरच्या बाकावर किंवा टेबलाच्या पायाला बांधलेली असते. कमरेला बांधताना दोराची दिशा उलटी होते. ही गाठ सरकत नाही, आवळत जात नाही, म्हणूनच तिच्यावर माणसाचा जीव टांगता येतो. ती चुकली तर सरकफास होतो आणि वाचवायच्या माणसाचाच श्वास कोंडतो. शेरा देणाऱ्या परीक्षकाच्या डोळ्यांपुढे हे असते. आमच्या पथकात ती शिकवताना मी मुलांना सांगत असे, की नाग बिळातून वर आला, झाडामागून वळसा घेऊन पुन्हा त्याच बिळात शिरला. नागपूरच्या मुलांना नाग चटकन लक्षात राहतो. ओळ म्हणत म्हणत, डोळे मिटून, पाठीमागे हात नेऊन ती बांधता आली की मी सही करीत असे, त्याआधी नाही.

बांधणीचेही तसेच आहे. दोन बांबू काटकोनात जोडणारी चौकोनी बांधणी उभ्या बांबूवर क्लोव्ह हिच ही आवळून बसणारी गाठ घालून सुरू होते, मग दोन्ही बांबूंभोवती तीन-चार वेढे येतात. मुले येथवर व्यवस्थित करतात. त्यानंतर दोन्ही बांबूंच्या मधल्या फटीतून, आधीच्या वेढ्यांवरून, दोन-तीन आवळते वेढे घ्यायचे असतात. त्यांना फ्रॅपिंग म्हणतात. हे वेढे जोर लावून ओढावे लागतात, हाताला वळ उठतात, म्हणून मुले ते नावापुरते घेतात, आणि नेमकी सारी ताकद त्यांतच असते. माझ्याच पथकाचा एक प्रसंग सांगतो. रामटेकच्या पायथ्याशी आमचे शिबिर होते. एका संघाने भांडी ठेवण्याची देखणी मांडणी उभारली होती. मी लांबून पाहिली, मान डोलावली आणि पुढे गेलो. सायंकाळी त्यांनी तिच्यावर खिचडीचे भरलेले पातेले ठेवले. मांडणी एकदम कोसळली नाही. आडवा बांबू एका बाजूने हळूहळू घसरत गेला, पातेले तिरके झाले, आणि आठ मुलांची खिचडी मातीत गेली. कोणाला भाजले नाही, हे नशीब. चूक मुलांची होती, तितकीच माझीही, कारण मी बांधणीला हात लावून पाहिला नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक बांधणी दोन्ही हातांनी हलवून बघू लागलो. आपल्या मुलाच्या परीक्षकाने तेच केले आहे.

आता लॉग बुक. ताईने केलेल्या मदतीबद्दल आपण मोकळेपणाने लिहिले, म्हणून मीही मोकळेपणाने लिहितो. रंगीत किनारी, इंटरनेटवरून छापून चिकटवलेली चित्रे आणि एकसारख्या सुवाच्य अक्षरांतील मजकूर पाहिला की परीक्षकाला पहिल्या पानावरच संशय येतो. कारण हे पुस्तक प्रदर्शनासाठी नसून नोंदींसाठी असते. कोणत्या तारखेला, कोठून कोठे, किती जण चाललो. वाटेत कोणत्या खुणा लागल्या. दोघांच्या स्वयंपाकाला तांदूळ किती घेतले आणि ते पुरले की उरले. कोणाला खरचटले आणि त्यावर काय केले. काय बिघडले, हे त्यात यावे. काय बिघडले, ही नोंद मला नेहमी सर्वांत मोलाची वाटत आली, कारण ती कोणी दुसऱ्यासाठी लिहून देत नाही. माझ्या आठवणीतील उत्तम लॉग बुकाच्या एका पानावर वरणाचा डाग होता आणि शेजारी ‘हा डाग द्वितीय सोपानाच्या वेळचा आहे’ असे त्या मुलाने लिहिले होते. ते वाचल्यावर मी त्याला स्वयंपाकाचा एकही प्रश्न विचारला नाही.

तेव्हा आता काय करावे? इतवारीतून बोटाएवढ्या जाडीचा सुती दोर तीन-चार मीटर आणावा. नायलॉनचा नको, कारण तो गुळगुळीत असतो आणि नवशिक्याची बरोबर बांधलेली गाठही त्यावर सुटते. दोराची दोन्ही टोके दोऱ्याने गुंडाळून पक्की करण्यापासून मुलाला सुरुवात करू द्यावी. पहिले काही दिवस तो दोर नुसता त्याच्या खोलीत लटकत राहिला तरी चालेल, कोणी आग्रह करू नये. नवे लॉग बुक साध्या वहीत सुरू करावे आणि त्याच्या पहिल्या पानावर जानेवारीच्या शिबिराची हकिगत, मिळालेल्या शेऱ्यासह, त्यालाच लिहू द्यावी. पुढील शिबिरात तो नववीत असेल. त्यानंतर राज्य पुरस्कार आणि त्यापुढे राष्ट्रपती पुरस्कार यांसाठी मिळून साधारण दोन वर्षे लागतात आणि स्काउट विभागाची वयोमर्यादा 17 वर्षांची आहे, त्यामुळे हा हिशेब त्याच्या जन्मतारखेशी एकदा ताडून पाहावा. वर्ष गेले म्हणून वाट बंद झाली, असे मात्र मुळीच नाही.

प्रश्न : माझी बदली झाल्यामुळे मुलीला केंद्रीय विद्यालयातून काढून नागपुरातील राज्य मंडळाच्या शाळेत घातले आहे. ती द्वितीय सोपान गाईड आहे. नव्या शाळेत ‘तुमचे राज्य वेगळे, येथे पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल’ असे सांगण्यात आले. हे खरे आहे का? — एक वडील, काटोल रोड

उत्तर : ‘राज्य वेगळे’ हे खरे आहे आणि ‘पहिल्यापासून सुरुवात’ हे खरे नाही. संघटनेच्या कारभारात केंद्रीय विद्यालय संगठन हे एक स्वतंत्र ‘राज्य’ मानले जाते, तसेच रेल्वेचा प्रत्येक विभागीय झोनही. नागपुरात मध्य रेल्वे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वे या दोहोंची मंडल कार्यालये असल्यामुळे आपल्या या एका शहरात स्काउटिंगची चार ‘राज्ये’ सुखाने नांदतात, आणि बाहेरच्या माणसाचा गोंधळ उडणे स्वाभाविक आहे. पण ही सारी राज्ये एकाच राष्ट्रीय संघटनेची अंगे आहेत, अभ्यासक्रम एकच आहे आणि सोपानाचे प्रमाणपत्र सर्वत्र चालते.

मुलीजवळ सोपानांची मूळ प्रमाणपत्रे, लॉग बुक आणि जुन्या गाईड कॅप्टनचे, म्हणजे पथक चालवणाऱ्या बाईंचे, तारखांसह पत्र असावे. जुन्या शाळेशी संबंध ताजा आहे तोवरच हे पत्र मागून घ्यावे. दोन वर्षांनी मागितले तर बाई स्वतःच बदलून गेलेल्या असतात. नव्या कंपनीत (गाईडच्या पथकाला कंपनी म्हणतात) तिची नोंदणी झाली की द्वितीय सोपानाच्या तारखेपासूनचा तिचा काळ पुढे मोजला जाईल. इतके दाखवूनही शाळेने ऐकले नाही, तर मात्र जिल्हा संघटकांना अवश्य भेटावे. आपल्या प्रकरणात ते योग्य ठरेल.

प्रश्न : आम्ही बौद्ध आहोत. मुलाला प्रवेशाच्या वेळी जे वचन घ्यावे लागते त्यात ‘ईश्वर’ हा शब्द आहे. मुलगा पथकात रमला आहे, त्याला बाहेर काढण्याची इच्छा नाही. परंतु मनाला न पटणारा शब्द त्याने सर्वांसमोर उच्चारावा, हेही आम्हाला योग्य वाटत नाही. — एक पालक, उत्तर नागपूर

उत्तर : आपली अडचण रास्त आहे आणि तिची सोय वचनाच्या मजकुरातच करून ठेवलेली आहे. ‘ईश्वर आणि माझा देश यांच्याविषयीचे कर्तव्य’ असे जेथे येते, तेथे ‘ईश्वर’ऐवजी ‘धर्म’ हा शब्द घेण्याची मुभा भारत स्काउट्स आणि गाईड्सच्या नियमांनीच दिली आहे. ही कोणा शिक्षकाची मेहेरबानी नाही. दीक्षाविधीच्या आधी आपण स्काउट मास्तरांना हे शांतपणे सांगावे, म्हणजे ऐन विधीच्या वेळी मुलगा गोंधळणार नाही. विधीत वचन एकेका मुलाने स्वतंत्रपणे घ्यायचे असते. अनेक शाळांत वेळ वाचवण्यासाठी चाळीस मुलांकडून ते एकसाथ वदवून घेतात, ते मला कधीच पटले नाही. मुलगा एकटा उभा राहिला, डावा हात ध्वजावर आणि उजव्या हाताची तीन बोटे उंच धरून आपल्या शब्दांत बोलला, तर त्या वाक्याला काही वजन येते.

प्रार्थनेच्या वेळी त्याने शांत उभे राहिले तरी पुरे. प्रवेशाच्या चाचणीत यावरून गुण कापण्याचा प्रश्न येत नाही.

प्रश्न : मी 19 वर्षांचा असून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीत राज्य पुरस्कार मिळाला होता, त्यानंतर सुटले. रेल्वेत स्काउटच्या कोट्यातून नोकरी मिळते असे ऐकले. आता राष्ट्रपती स्काउट होता येईल का? एक गृहस्थ पैसे घेऊन प्रमाणपत्र मिळवून देतो म्हणतात. — कामठी

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो : त्या गृहस्थांना पुन्हा भेटू नका. प्रमाणपत्राची पडताळणी होते, आणि बनावट ठरले तर नोकरी तर जातेच, शिवाय फौजदारी प्रकरण मागे लागते.

राष्ट्रपती स्काउट होण्याचे आपले वय गेले आहे, राष्ट्रपती रोव्हर होण्याचे गेलेले नाही. रोव्हर हा स्काउटनंतरचा, तरुणांचा विभाग 25 वर्षांपर्यंत खुला असतो. तेथे प्रवेशानंतर प्रवीण, निपुण, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती रोव्हर अशा पायऱ्या आहेत. आपल्या महाविद्यालयात रोव्हर पथक नसेल, तर जिल्हा कार्यालयात खुल्या पथकांची चौकशी करावी. रेल्वेच्या वसाहतींतही अशी पथके चालतात. स्काउटचे ब्रीद ‘तयार’ असे आहे आणि रोव्हरचे ‘सेवा’, त्यामुळे येथे गाठींपेक्षा वस्तीतील प्रत्यक्ष कामाला अधिक महत्त्व मिळते, हे आधी समजून घ्यावे.

रेल्वेचा कोटा खरा आहे, पण जागा अगदी थोड्या असतात. राष्ट्रपती स्काउट, गाईड, रोव्हर किंवा रेंजर (रोव्हरच्या वयाच्या मुली), अथवा हिमालय वुड बॅजधारक (स्काउट शिक्षकांच्या प्रशिक्षणाची शेवटची पायरी पूर्ण केलेले) असणे, गेली काही वर्षे पथकात सक्रिय असणे आणि राष्ट्रीय व राज्य पातळीवरील मेळाव्यांत सहभाग, अशा अटी असतात. त्यावर लेखी परीक्षा असते ती वेगळीच. आपण दहावीनंतर पथक सोडले, ही आपली खरी उणीव आहे. ती आजपासून नियमित हजेरी लावूनच भरून येईल, त्यामुळे चार वर्षांचा हिशेब धरावा आणि मधल्या काळात इतर परीक्षाही देत राहावे.

प्रश्न : नातीच्या गणवेशावर बिल्ले शिवायचे काम माझ्याकडे आले आहे. प्रत्येक जण वेगळी जागा सांगतो. तसेच ती संघनायिका झाली, म्हणजे तिचा सोपान वाढला का? — एक आजी, महाल

उत्तर : आजी, आपल्या प्रश्नाने या गठ्ठ्यात फार बरे वाटले. सदस्यत्वाचा बिल्ला डाव्या खिशाच्या मध्यभागी, जागतिक बिल्ला उजव्या खिशाच्या मध्यभागी, सोपानाचा बिल्ला डाव्या बाहीवर आणि प्रावीण्याचे बिल्ले उजव्या बाहीवर. नवा सोपान मिळाला की जुना उसवून काढायचा, दोन्ही एकदम मिरवायचे नाहीत. उसवलेला बिल्ला फेकू नये, लॉग बुकात चिकटवावा. टाके बारीक पण थोडे घालावेत, कारण वर्षभराने ते आपल्यालाच उसवावे लागणार आहेत.

संघनायिका हे पद आहे, सोपान नाही. सहा ते आठ मुलींच्या संघाची ती प्रमुख. त्यासाठी खिशावर पट्ट्या येतात आणि पद गेले की त्या निघतात. सोपान एकदा मिळाला की तो परत जात नाही. मुलींना हा फरक समजावून सांगितलेला बरा, कारण पद न मिळालेली हुशार मुलगी हिरमुसून मागे पडते आणि पद मिळालेली कधीकधी चाचणीची तयारीच सोडून देते.

जाता जाता एक गोष्ट नातीला सांगा. भारतातील पहिली गाईड कंपनी 1911 मध्ये जबलपूरला सुरू झाली, आणि तेव्हा जबलपूर ज्या मध्य प्रांतात होते त्याची राजधानी आपले नागपूर होती.

प्रश्न : मुख्याध्यापकांनी यंदा माझ्याकडे स्काउटचे काम सोपवले आहे. मी विज्ञानाचा शिक्षक आहे, स्वतः कधी स्काउट नव्हतो. शाळेला मैदान नाही, मागे लहानसे अंगण आहे. द्वितीय सोपानात उघड्यावर चूल पेटवून स्वयंपाक करणे आहे. पालक घाबरतात. हा भाग तोंडी घेतला तर चालेल का? — एक शिक्षक, सक्करदरा

उत्तर : चालणार नाही. पण आपली घाबरगुंडी मला पूर्ण समजते, कारण माझी सुरुवातही मुख्याध्यापकांच्या अशाच एका चिठ्ठीने झाली होती.

प्रथम आपण स्वतः बेसिक कोर्स करावा. त्यानंतर ॲडव्हान्स्ड आणि मग हिमालय वुड बॅज, अशी शिक्षकांचीही चढण आहे. शेवटी गळ्यात चामड्याच्या दोरीत ओवलेले दोन लाकडी मणी येतात. राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे, म्हणजे आपल्याला नागपूरकरांना ते मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. बेसिक कोर्समध्ये आपल्याला तेच करावे लागते जे मुलांना करायचे असते, आणि ओली लाकडे तोंडावर धूर फेकू लागली की मुलांविषयी वाटणारा दरारा आणि काळजी दोन्ही योग्य मापात येतात.

आता चूल. जास्तीत जास्त दोन काड्यांत मोकळ्यावर लाकडाची चूल पेटवणे आणि दोघांना पुरतील असे दोन साधे पदार्थ शिजवणे, एवढी ही अपेक्षा आहे. काड्यांची अट ऐकून मुले हसतात, कारण घरी लायटरने गॅस पेटवताना तीन वेळा खटका दाबलेला कोणी मोजत नाही. दोन काड्यांत चूल पेटवायची, तर काडी ओढण्याआधीचे काम नीट करावे लागते : वाऱ्याची दिशा पाहणे, तळाशी अगदी सुके गवत किंवा कापूर न लावलेल्या नारळाच्या शेंड्या, त्यावर काडीएवढ्या, मग पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या काटक्या, आणि हवेला आत यायला वाट. आपण विज्ञानाचे शिक्षक आहात. ज्वलनाचा धडा शिकवायला याहून चांगली प्रयोगशाळा आपल्याला मिळणार नाही. मुलांना कारण कळले, की मोठे लाकूड आधी का पेटत नाही, तर ती पाठ न करता रचना करतात. रॉकेल मागणाऱ्याला मी काडेपेटी परत करायला लावीत असे.

अंगण लहान असल्यास एका वेळी एकच संघ घ्यावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा योग्य काळ; नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत उघड्यावर विस्तव नको, आणि मुलांना उन्हात चालवणेही नको. सहलीला नेले तरी जंगल विभागाच्या हद्दीत चूल पेटवू नये. झाडावरची हिरवी फांदी तर कधीच तोडू नये, सरपण घरूनच न्यावे.

पदार्थांच्या बाबतीत पुस्तकातील भात-बटाटा सोडून थोडे आपल्या मातीकडे वळावे, असे सुचवतो. भांड्यांवाचून स्वयंपाक हा या अभ्यासक्रमात मोठ्या कौतुकाने शिकवला जातो, आणि विदर्भातील माणूस तो पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. गव्हाच्या जाडसर पिठाचे पानगे पळसाच्या पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे, किंवा रोडगे तसेच आरात घालायचे. माझ्या पथकातील नरखेडकडच्या एका मुलाला लेखी परीक्षेत कधी पस्तीसच्या वर गुण पडले नाहीत. शिबिरात त्याने गोवऱ्या रचल्या, आर पडू दिला, आणि पानगा केव्हा उलटायचा हे घड्याळ न पाहता, पळसाच्या पानाचा रंग आणि वास यांवरून सांगितले. परीक्षकांनी त्याला आतून कच्चा राहतो का म्हणून एक पानगा मोडायला लावला. वाफ निघाली, तुपाची वाटी पुढे आली, आणि त्या दिवसापासून त्याचा संघ त्याला विचारल्याशिवाय चुलीला हात लावेना. पुढे त्याने पाककलेचा प्रावीण्य बिल्लाही मिळवला.

पालकांची भीती त्यांना बोलावून घालवावी. दोन पालक हजर, पाण्याच्या दोन बादल्या आणि एक बादली वाळू चुलीजवळ, मुलांच्या अंगावर सुती कपडे, स्कार्फ गळ्यातून काढून खिशात आणि प्रथमोपचाराची पेटी उघडी, एवढे डोळ्यांना दिसले की आया स्वतःच कणीक मळायला बसू पाहतात. त्यांना मात्र बसू देऊ नये. भाजल्यास थंड, वाहते पाणी किमान दहा मिनिटे, टूथपेस्ट किंवा हळद नाही, हे मुलांबरोबर पालकांनाही त्या दिवशी शिकवून टाकावे.

चूल विझवणे हाही चाचणीचाच भाग समजावा. पाणी शिंपडून, काठीने राख उकरून, पुन्हा पाणी घालावे, आणि संघनायकाने हाताची मागची बाजू राखेच्या अगदी जवळ नेऊन ऊब उरली नाही ना, हे पाहिल्यावरच आपण पांगण्याची शिट्टी वाजवावी.